पूर्वेकडे पाठ

लहानपणी गुडघ्यात शिरलेला इतिहास मरेपर्यंत निघत नाही. हे वाक्य मला रिचमंड हिलच्या ज्येष्ठांच्या व्यायामवर्गात सुचलं, आणि काही दिवस ते खरंही वाटलं.

दोन हजार सतराचा हिवाळा. बर्फ शोव्हल करून माझी पाठ कामातून गेली होती, म्हणून मी तिथे जायचो. शेजारच्या खुर्चीत पंच्याऐंशीचे एक कोरियन गृहस्थ असत, गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेले. वॉकर सुटला तरच मुलगा त्यांना स्वतःच्या घरी एकटं राहू देणार होता. नाहीतर मुलाच्या बेसमेंटमध्ये मुक्काम. बाकी व्यायाम ते निमूट करत. फक्त शिकवणारी मुलगी "खिडकीकडे तोंड करा, कमरेतून वाका" म्हणाली की ताठ बसून राहत.

"ती पूर्व आहे," त्यांनी एकदा मला सांगितलं.

त्यांचा जन्म ह्वांगहे प्रांतातला. तेव्हा कोरियावर जपानचं राज्य होतं. प्रांतातला तांदूळ जहाजाने जपानला जायचा, पिकवणाऱ्यांच्या घरी राळ्याचा भात. शाळेत रोज सकाळी पूर्वेला, टोकियोच्या राजवाड्याच्या दिशेने वाकायचं. कमी वाकलं की मास्तरांची छडी.

"सहा वर्षं वाकलो. कोटा संपला."

"मग राहा बेसमेंटमध्ये."

"तुम्ही इंजिनिअर ना? दुसरी दिशा काढून द्या."

दिशांच्या बाबतीत मला हसायचा अधिकार नव्हता. उत्तरेला डोकं करून झोपायचं नाही, म्हणून आमचा पलंग असा लावलाय की बेडरूमचं दार चाळीस वर्षं अर्धंच उघडतं. मी त्यांची आणि माझी खुर्ची उत्तरेच्या भिंतीकडे वळवली. भिंतीपलीकडे पार्किंग लॉट.

"इकडे कुणाचा राजवाडा नाही," मी छातीठोकपणे सांगितलं.

"व्हॉटेव्हर वर्क्स, सर," मुलगी म्हणाली. तीही थकली होती.

ते वाकले. पुढचे तीन महिने, आठवड्यातून तीनदा, वर्गात सगळ्यांत खोल तेच वाकत. वसंतात वॉकर सुटला, ते आपल्या घरीच राहिले, आणि मला कोरियन पेअरची पेटी पाठवली.

पेअर खाता खाता मी नातीच्या पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहिला. आमच्याकडून टोकियोला जाणारा सर्वांत जवळचा रस्ता जरासा पश्चिमेला कलून उत्तरेलाच, त्या पार्किंग लॉटवरून जातो.