गूळ आणि तांब्याभर पाणी

परवा क्लबच्या सभेत पाहुण्यांनी पाण्याची बाटली अर्धी तशीच टाकली आणि माझं डोकं फिरलं.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आठवली. दुष्काळाचं साल होतं. 'पाणी जपून वापरा' हे सांगायला आम्ही क्लबवाले सांगलीहून एक वक्ते घेऊन जतकडच्या गावात गेलो होतो. एका म्हातारीनं रीतीप्रमाणे गूळ आणि तांब्याभर पाणी पुढं केलं. साहेबांनी गूळ खाल्ला, चूळ भरली आणि उरलेल्या पाण्यानं बूट धुतले!

"आवं सायेब," म्हातारी कळवळली, "टँकर आला न्हाई. घरात तेवढंच हुतं."

साहेब तासभर बोलले. सेक्रेटरी म्हणून मी आभार मानले. साहेबांचे, सरपंचांचे, अगदी माइकवाल्याचेसुद्धा. रिकामा तांब्या मांडीवरून खाली ठेवून म्हातारीनंही टाळ्या वाजवल्या. त्या अजून माझ्या थोबाडात बसतात.