पडताळ्याची शंभरावी चौकट

माझ्या वर्गात तो तिसऱ्या बाकावर बसायचा. गणित सुटले की खाली ‘पडताळा’ असे लिहून उत्तर पुन्हा उलटे करून बघायचा. बाकीची मुले दहाच्या दहा गणिते सोडवत, हा सहा. सहाही बरोबर, पण वेळ संपलेली.

“अरे, पडताळ्याला गुण नसतात,” मी दर परीक्षेला सांगे.

“पण बाई, बरोबर आलंय हे कळायला नको का?”

मुलांनी त्याचे नावच पडताळा ठेवले. लग्नानंतर बायकोनेही तेच चालू ठेवले.

पुढे तो सैन्याच्या दारूगोळ्याच्या कोठारात कारकून म्हणून लागला. पन्नाशी उलटली तेव्हा कोठारात एक हुशार यंत्र आले. कुंपणावर बावीस कॅमेरे. त्यांतली चित्रे बघून माळी कोण आणि घुसखोर कोण हे यंत्रच ठरवायचे. संशय आला की माणसाभोवती लाल चौकट काढायचे. पण वरून एक नियमही आला होता: चौकट एखाद्या माणसाने तपासावी, ‘मला पटले, कारण’ याच्यापुढे स्वतःच्या शब्दांत कारण लिहावे आणि सही करावी, त्याशिवाय बंदूकधारी तुकडी हलणार नाही. चुकले तर मान आपली, म्हणून त्या खुर्चीवर बसायला कोणी धजेना. शेवटी पडताळ्याला बसवले.

तो नुसते चित्र बघून कधीच सही करीत नसे. छत्री काखोटीला मारायची आणि चौकटीतल्या जागी चालत जायचे. छत्री बारा महिने, ऊन असो नसो. यंत्राला दोन सेकंद लागत, ह्याला चाळीस मिनिटे.

“अहो, तुम्ही पोचेपर्यंत घुसखोर पेन्शनीत निघेल!” मोठे साहेब कपाळावर हात मारीत.

“निघू दे साहेब. पण निरपराध तर नाही ना पकडला जाणार?”

साहेब कंटाळले. त्यांनी वरिष्ठांकडून मंजुरी आणली. सलग शंभर चौकटी बरोबर निघाल्या, तर सहीची पायरी काढून टाकायची. मग यंत्र थेट कुंपणावर बसवायच्या आपोआप चालणाऱ्या बंदुकीला जोडायचे. पडताळ्याची बदली जुन्या कागदांच्या खोलीत.

चौकटी बरोबर निघत गेल्या. भंगारचोर, लाकूडतोडे, एकदा तर झुडपाआड बसलेले प्रेमी जोडपे. सगळे विनापरवाना आत आलेले, म्हणून बरोबर. पडताळा प्रत्येकावर इमानदारीने सही करी आणि रोज थोडा अधिक गप्प होई. “त्या जोडप्यावर बंदूक रोखली असती तर?” एवढेच एकदा म्हणाला. साहेबांनी चहा मागवला.

नव्याण्णव झाल्या.

आता घरची एक गोष्ट सांगायला हवी. पडताळ्याला मधुमेह. बायको त्याच कोठाराच्या दवाखान्यात नर्स. नवऱ्याची साखर तीच तपासायची. “जेवण झालं की अर्धा तास चालायचं,” असा तिचा हुकूम होता. तो चालत असे, पण मागच्या कुंपणापर्यंतच. तिथे एका लंगड्या कुत्रीची आणि त्याची दोस्ती होती. खिशातून क्रीमची बिस्किटे निघत. एक तिला, एक ह्याला. साखर का उतरत नाही, याचा बायकोला काही केल्या उलगडा होईना.

त्या दिवशी थंडी होती. जेवणाची सुट्टी संपवून तो टेबलाशी परतला, तर साहेब आणि यंत्राची तरुण इंजिनिअर पेढा मिळाल्यासारख्या चेहऱ्याने उभे.

“शंभरावी!” साहेब म्हणाले. “सशस्त्र घुसखोर. खात्री सत्त्याण्णव टक्के. करा सही.”

पडताळ्याने चित्र बघितले. मफलरने तोंड झाकलेला माणूस कुंपणाशी उकिडवा बसलेला. काखेत लांब, काळी वस्तू. हात खिशात.

तो मटकन खुर्चीत बसला.

“बघा, तुम्हीसुद्धा घाबरलात!” साहेब म्हणाले. “ही चौकट वीस मिनिटं तुमची वाट बघत पडलीये. तुम्ही जेवायला गेलेले. तुकडी अजून जागची हलली नाही!”

सही केली असती तर गोष्ट तिथेच मिटत होती. चेहरा दिसत नव्हता, बिस्किटे दिसत नव्हती. घरी शांतता राहिली असती. पडताळ्याने पेन उचलले, टोपण काढले, पुन्हा लावले.

“साहेब, मला ह्यावर सही करता येत नाही.”

“का? चालत जाऊन यायचंय? जा बाबा!”

“तिथूनच आलोय. हा मी आहे.”

इंजिनिअरने चित्राकडे बघितले, मग कोपऱ्यातल्या छत्रीकडे.

“काहीतरीच,” साहेब म्हणाले. “खुर्ची वाचवायला सांगताय.”

“म्हणूनच म्हणतो, स्वतःच्या प्रकरणात स्वतःचा शब्द धरू नये. ओळखणारं दुसरं माणूस बोलवा.” मग त्याने खिशावर हात ठेवला. “दवाखान्यात आहे एक.”

बायको हात पुसत आली. चित्र तिने दोन सेकंदच बघितले, यंत्राइतकेच.

“हे आमचेच. मफलर मी विणलाय. एक टोक आखूड आहे बघा, लोकर संपली होती.” मग ती वाकली. “हे खिशातून काय काढताय?”

तिने नवऱ्याकडे बघितले.

“पडताळा?”

“बिस्किट,” तो म्हणाला. “क्रीमचं.”

“दोन महिने मी डॉक्टरांना गोळ्या बदलायला लावतेय!”

पुढची दहा मिनिटे बंदूकधारी तुकडीसुद्धा त्या खोलीत शिरली नसती.

साहेब मात्र खिडकीशी जाऊन उभे राहिले होते. वळले तेव्हा त्यांचा आवाज उतरला होता. “सहीची पायरी आज नसती, तर...” वाक्य तसेच सोडून ते टेबलाशी आले. मग स्वतःच फॉर्म ओढून ‘चूक’ असे लिहिले. मंजुरीप्रमाणे मोजणी पुन्हा एकपासून सुरू झाली. बंदूक जोडायचा कागद साहेबांनी स्वतः परत पाठवला, आणि नियमात एक ओळ वाढवायला लावली: चौकटीवर सह्या दोन हव्यात, दोन वेगळ्या माणसांच्या.

हे सगळे पडताळ्याने मला परवा सांगितले. सोबत बायको होती. हल्ली जेवणानंतर तीही चालायला जाते. कुत्रीला भाकरीचा तुकडा मिळतो, ह्याला काकडी. मी बिनसाखरेचा चहा दिला आणि म्हटले, “तुझे तेव्हाचे गुण माझ्याकडे राहिलेत रे. पडताळ्याचे. आज देऊन टाकते.”

तो लाजला. मग कप खाली ठेवला.

“द्या ना बाई. पण आधी पेपर दाखवा. न बघता कसे देता?”