ताटलीतलं तळं

पालकसभेत मी चौघा पालकांसमोर फुटाण्यांची ताटली ठेवली. ताटली म्हणजे गावचं तळं आणि फुटाणे म्हणजे मासे. प्रत्येकाने हवे तेवढे घ्यायचे आणि तळ्यात उरतील तेवढेच मी पुन्हा घालायचे. आदल्या दिवशी वर्गात हाच खेळ खेळताना माझी सहावीची मुलं पहिल्या डावात तळं रिकामं करून हरली होती. दुसऱ्या डावात मात्र ती आपसात बोलली, थोडे थोडे घेऊ लागली आणि तास संपला तरी तळं भरलेलं होतं.

पालक एकमेकांशी बोललेच नाहीत. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत ताटलीचा तळ दिसला. "मी नाही घेतले तर हे घेणारच की," इस्त्रीच्या शर्टातले एक गृहस्थ शेजाऱ्याकडे बोट दाखवत म्हणाले आणि त्यांनी मूठभर मासे तोंडात टाकले. हीच माणसं घरी मुलांना 'वाटून खा' म्हणून दटावतात. शहाणपण यांच्याकडे फक्त दुसऱ्याला वाढायला असतं. कुठल्याही गावचं तळं अशाच पोट भरलेल्या माणसांनी उपसलं असणार.

त्या गृहस्थांची मुलगी बाकाला टेकून उभी होती. रिकाम्या ताटलीकडे पाहत तिने हळूच विचारलं, "बाई, आता तुम्ही किती घालणार?"

तिचे बाबा अजून चावत होते.