मागच्या चाकाचा ओघळ

आमच्या ह्यांच्याइतका भित्रा माणूस अख्ख्या वडनेर भोलजीत सापडायचा नाही. उत्तमराव नाव. साप निघाला तर काठी घेऊन पहिले पुढे, पण घरातून निघताना गॅस बंद आहे का ते परत येऊन पाहणार, कुलूप ओढून पाहणार, आणि रस्त्याला लागलं की मलाच विचारणार, "कुलूप लावलं व्हतं ना व मंजुश्री?" लग्न झाल्यापासून हेच ऐकते आहे. कधी कधी वाटतं, कुलूप काढून ह्यांच्या गळ्यातच अडकवावं.

त्या सकाळी मात्र त्यांची भीती माझ्याही पोटात शिरली.

आमची सुचिता, एकुलती एक, बुलढाण्याला दिलेली. तिला सातवा सरत आला होता. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, आणि आठवा लागला की पोटुशीला वेशीबाहेर हलवत नाहीत. मध्येच पोळा आला. पोळ्याच्या अमावस्येला आणायची नाही, दुसऱ्या दिवशी करीलाही नाही. आठवा लागायच्या आधी करीनंतरचा एकच दिवस उरला. तो हुकला की लेक तिकडे आणि मी इकडे. मागच्या खेपेला तिचा गर्भ टिकला नव्हता. भाड्याच्या जीपमधून गचके खात आली आणि लगेच तसं झालं. गचक्यांचा काही संबंध नाही, असं डॉक्टरांनी दहादा सांगितलं, पण ह्यांना पटेल तर शपथ! या खेपेला लेक आपल्याच गाडीतून, आपल्याच हातानं आणायची, असं धरून बसले होते.

मी पिशवीत ओटीचं सामान भरते आहे तोच अंगणातून हाक आली. हे गाडीच्या मागच्या डाव्या चाकाशी उकिडवे बसलेले. चाकाच्या मधल्या टोपणातून काळपट ओघळ निघाला होता, रिमवरून टायरवर उतरला होता आणि खाली मातीत ओला डाग पडला होता.

"ब्रेकचं ऑईल असन तं गाडी घाटात थांबनार नाही," हे म्हणाले. "आन ग्रीस असन तं बेअरिंगचं सील गेलं. चाकच जाम होते मंग."

राजूरचा घाट उतरून यायचं होतं आणि मागच्या सीटवर पोटुशी लेक. नांदुऱ्याच्या मेकॅनिकला फोन लावला, तर तो पोळ्यासाठी गावी गेलेला, अजून परतला नव्हता.

"दुसरी गाडी सांगा मंग."

"दुसऱ्याच्या गाडीत माही पोरगी बसनार नाही!"

"तं काय डोक्यावर बसवून आनता तिले?" मीही ओरडले. राग कसला, जीव घाबरला होता.

ह्यांनी बॉनेट उघडलं. ब्रेक ऑईलची बाटली खुणेपर्यंत भरलेली. ते एक बरं झालं. मग जॅक लावून चाक काढलं, आतून बॅटरी मारली. धूळ होती, वाळलेला चिखल होता, पण सगळं कोरडंठाक.

"सील गेलं असतं तं इथं ओलं पाह्यजे व्हतं," हे पुटपुटले. "मंग हे येऊन कुठून राह्यलं?"

न कळलेल्या गोष्टीला हे जास्त घाबरतात. ओघळ फडक्यानं पुसला, चाक बसवलं, शाळेपर्यंत फेरी मारून आले. टोपणाच्या कडेला पुन्हा थेंब जमलेला! डोकं धरून बसले बिचारे. मी शेजारी नुसती उभी. माझी नजर मातीतल्या डागावर गेली. डागाला लाल मुंग्या लागल्या होत्या, चांगली रांगच लागली होती.

"अवो, ग्रीसले मुंग्या लागतेत का?"

ह्यांनी वर पाहिलं. मग स्क्रूड्रायव्हर घालून टोपणच उचकटलं. आत पिवळं, मऊ काहीतरी गच्च भरलेलं. बोटावर घेऊन हुंगलं. माझ्याकडे पाहिलं. परत हुंगलं.

"तूप हाये व हे! हळद बी हाये!"

आम्ही दोघांनी एकदमच ओट्याकडे पाहिलं. तिथं माझ्या सासूबाई, गोजरबाई, वाती वळत बसल्या होत्या. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकायचे, तूप-हळदीनं मळायचे, उद्या जेवायला या म्हणून त्यांना आवतण द्यायचं, हा मान सासूबाईंचा. औंदा बैलच नव्हते. उन्हाळ्यात विकले.

"माय, चाकात तूप तू भरलं?"

"मंग काय खांदमळनी कोरडी जाऊ देऊ?" सासूबाई उलट उसळल्या. "बैल तुमी इकले, मले इचारलं बी नाही. आता पोरगी या गाडीवर येनार. जिच्यावर भार, तिचा खांदा मळाव. मांगंच बसनार ना ते? आवतन बी देल्लं म्या गाडीले."

"पन टोपनाच्या आत काऊन?"

"वरून लावलं तं तू पुसून टाकतं. तुले पुसाचा लय सोस. म्हनून फटीतून बोटानं दाबलं."

"आन एकाच चाकाले?"

"तूप सरलं."

मी सासूबाईंना चांगलं सुनावणार होते, पण हे तिथंच मातीत बसून हसत सुटले आणि माझाही राग कुठल्या कुठे गेला. सुटलो बाई! ब्रेक शाबूत, सील शाबूत, नुसतं घरचं तूप दोन दिवसांच्या उन्हानं पातळ झालेलं. कढत पाण्यानं, साबणानं चाक घासून काढलं. शेताच्या रस्त्यावर हे ब्रेक मारून पाहून आले, आणि अर्थातच पुन्हा एकदा गेले.

बुलढाण्याला जेवणं झाली, ओटी भरली, लेक मागे माझ्या शेजारी बसली. घाटात ह्यांनी गाडी अशी उतरवली की पायी चालणारा पुढे निघून जावा. मागचे हॉर्न वाजवत होते, हे ढिम्म. खाली राजूरला पोचल्यावर गाडी बाजूला घेतली, उतरून चाकाला हात लावला. कोरडं होतं. परत येऊन बसले, पण चावी फिरवेनात.

एवढ्या महिन्यांत ह्यांनी बाळाचा शब्द तोंडातून काढला नव्हता. फोनवर लेकीला विचारायचे ते पाऊसपाण्याचं, जेवणाचं. मागच्या वेळेचा धसकाच तसा होता. आता समोर रस्त्याकडे पाहत, अगदी हळू आवाजात म्हणाले, "सुचिता, हालते का व ते?"

"हालते काय बाबा! अख्खा घाट लाथा मारून राह्यलं."

"मंग सांगाचं नाही का, बाप्पा!" हे केवढ्यानं तरी ओरडले आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकून रडायला लागले. मागून मी पदर पुढे केला. त्यांनी डोळे पुसले आणि गाडी चालू केली.