साच्याला येणारा घाम

नोकरी सोडून सुकापूरच्या फ्लॅटमध्ये स्वतःचं काम सुरू केलं, तेव्हा पहिलं गिऱ्हाईक मिळालं पनवेलचंच, प्लास्टिकचे डबे बनवणारे एक शेठ. वितळलेलं प्लास्टिक साच्यात गार होताना आत बारीक स्फटिक धरतात. स्फटिक जितके जास्त, तितकी वस्तू आक्रसते. किती आक्रसेल ते कॉम्प्युटरवर आधीच काढून द्यायचं, हे माझं काम. दिलं. आणि झाकणं निघाली माझ्या आकड्यापेक्षा लहान! डब्यावर बसेचनात.

मी मुळात तिखट. "साचाच चुकलाय," शेठना ठणकावून सांगितलं.

"मग उद्या सकाळी कापून मोठा करून घेतो."

कापलेलं लोखंड परत थोडंच चिकटतं? चूक माझी निघाली तर त्यांचा साचा वाया आणि माझा धंदा सुरू व्हायच्या आधीच बंद. तडक मशीनपाशी गेले. मशीन चालवणारे काका उरणकडचे, मिठागरवाल्या घरातले.

"काका, साच्याच्या नळ्यांमधून पाणी गारच सोडता ना?"

"पानी गारच हाय. पन कॉक अर्धा बंद ठेवतो. सगला सोडला का साच्याला घाम येतो, मॅडम. झाकनावर डाग परतात. आपली हवाच तशी दमट हाय."

साच्याला हात लावला आणि चटकन मागे घेतला. चांगलाच तापलेला! आणि मी घरात एसी लावून हिशेबात साचा गार धरून बसलेली. गरम साच्यात प्लास्टिक सावकाश निवतं, स्फटिकांना वेळ मिळतो, झाकण जास्त आक्रसतं. इतकी साधी गोष्ट! स्वतःचाच असा संताप आला.

"हे आधी का नाही सांगितलंत?" चिडले मात्र काकांवर.

"तुमी इचारलं का?"

तिथेच लॅपटॉप उघडून खरं तापमान टाकलं. आकडा झाकणाशी जुळला. मग काका कॉक जरा जरा सोडत गेले, मी साचा पुसून पाहत राहिले. घाम फुटायच्या जरा अलीकडे थांबलो. तेव्हा निघालेली झाकणं निवायला ठेवली. संध्याकाळी काकांनी एक डब्यावर दाबलं. बसलं! मला लहान मुलीसारखा आनंद झाला.

शेठना फोन केला. "साचा कापू नका. चूक माझी होती, काकांमुळे सापडली."

ते म्हणाले, "पुढच्या साच्याचं कामही तुम्हीच करा. पण रिपोर्टवर तुमच्याआधी काकांची सही पाहिजे."

एरवी मी भडकले असते. त्या दिवशी मुकाट्याने काकांना त्यांचं पूर्ण नाव विचारून घेतलं.