न्हाणीतला थोरला पावणा

बसा, चहा येतोय तोवर माझीच फजिती सांगतो. म्हातारी सांगायच्या आत मीच सांगितलेली बरी. तिच्या तोंडून ती दरवेळी थोडी वाढते.

आमची नात सारिका कॉलेजात दगडांचं शिकते. दगडांचंही शिकायचं असतं, हे मला तेव्हाच कळलं. सुट्टीला आली ती सरांनी विश्वासानं दिलेला एक दगड घेऊन. मुठीएवढा, काळा.

"आबा, ह्यो आभाळातनं पडलाय. समुद्राच्या तळाला, गाळात. गाळाचा खडक झाला, ह्यो थरात तसाच ऱ्हायला. आभाळातल्या असल्या दगडांवरनंच पृथ्वीचं वय काढत्यात."

"म्हंजे पन्हाळ्याच्या आधीचा?"

"पन्हाळ्याचा डोंगर ह्येच्यापुढं कालचं पोर. ह्यो पृथ्वीपेक्षा थोरला. सोमवारी जसाच्या तसा परत द्यायचाय, न्हायतर सर परत कशाला हात लावू देणार न्हाईत."

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीत गेलो, तर दगड कोपऱ्यात ओला पडलेला. म्हटलं, पोरगी विसरली. एवढा थोरला पावणा, आणि त्याला न्हाणीत बसवायचं? उचलला, दुधानं धुतला, तुळशीपाशी पाटावर ठेवला. जोतिबाचा गुलाल घरात होताच. नारळ फोडला आणि दंडवत घातला. गुडघे कुरकुरले, पण पृथ्वीपेक्षा थोरला म्हटल्यावर काय करता?

नारळाचा आवाज ऐकून शेजारची पारूआक्का आली. "कुठला देव म्हणायचा ह्यो, आबा?"

"आभाळातला. पृथ्वीच्या आधीचा."

"मग माझ्या म्हशीचं सांगा की त्येला. धार काढताना लाथा मारतिया." तिनंही डोकं टेकलं.

तेवढ्यात सारिका उठून आली. गुलाल बघून मटकन खालीच बसली. "आबा, काय केलासा ह्ये? आता सरांना कुठल्या तोंडानं देऊ?" डोळ्यांत पाणी.

इतक्यात न्हाणीतून म्हातारीचा आवाज. "अवं, माझा टाचा घासायचा दगड कुणी नेला?"

सारिकानं धावत जाऊन पिशवी उघडली. तिचा दगड फडक्यात गुंडाळलेला, कोरडा, जिथल्या तिथं. पोरगी हसत हसत भिंतीला टेकली. पारूआक्का कपाळावरचा गुलाल पुसावा की ठेवावा, या विचारात.

म्हातारी बाहेर आली. पाटाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि शांतपणे म्हणाली, "लगीन झाल्यापास्नं जो माझ्या पायाला लागलाय, त्येला दंडवत घातलासा. म्हंजे पडलासाच की माझ्या पाया."