दाजींची पहिली अकरा मिनिटं

आमच्या दाजींनी जितके सिनेमे सुरू होताना पाहिले आहेत तितके या पृथ्वीतलावर दुसऱ्या कुणी पाहिले नसतील, आणि त्यांतला एक सोडला तर एकही संपताना पाहिलेला नाही. हे मी वाटेल तिथे लिहून द्यायला तयार आहे. दाजी म्हणजे माझ्या मोठ्या मेहुणीचे यजमान, नात्याने माझे साडू. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही म्हणतो, आणि मेहुणीला आम्ही दोघंही अक्का म्हणतो. आम्ही साताऱ्याला, ते सांगलीला. त्यामुळे वर्षातून चार-सहा वेळा जाणं-येणं होतं आणि त्यातल्या निदान दोन वेळा दाजी मला सिनेमाला नेतात. नेतात म्हणजे तिकीट काढून आत नेऊन बसवतात. स्वतः कडेची खुर्ची धरतात, दिवे गेले की दोन्ही कोपरं गुडघ्यांवर टेकून पुढे वाकतात, आणि बरोबर अकराव्या मिनिटाला उठून चालू लागतात. कधी दहा होतील, कधी बारा, पण तेराव्या मिनिटाला दाजी आत दिसले तर समजावं की त्यांना झोप लागली आहे. एकदा दारावरच्या नव्या रखवालदाराने काळजीने विचारलं, 'काका, आवडला न्हाई का पिक्चर?' दाजी म्हणाले, 'आवडला म्हणून तर निघालो.' तो बिचारा त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे कितीतरी वेळ बघत राहिला.

या खोडीचं मूळ कोयनानगरला आहे. दाजींचे वडील तिथे धरणावर कामाला होते आणि दाजी रोज एसटीने कराडला शिकायला येत. सिनेमाचा खेळ सहाचा आणि कोयनेची शेवटची गाडी साडेसहाची. जाहिराती वगैरे उरकून सिनेमा सुरू व्हायचा आणि जेमतेम गोष्टीत जीव गुंतला की यांना स्टँडकडे पळावं लागायचं. पुढचा सगळा सिनेमा ते वळणावळणाच्या रस्त्याने जाताना खिडकीशी बसून मनाने रचत. 'आवं पाव्हणं, एकेका वळणाला एकेक शीन बसवत जायाचो,' ते मला म्हणाले होते. 'धरणाची कॉलनी आली की माजा पिक्चर संपायचा. पुढं मित्रांकडनं खरा शेवट ऐकला की वाटायचं, ह्यापरीस आपला बरा हुता.' नोकरी लागली, सांगलीला घर झालं, शेवटच्या गाडीची भीती उरली नाही, तरी अकराव्या मिनिटाला त्यांचे पाय आपोआप स्टँडकडे धाव घेतात.

बरं, या अकरा मिनिटांत ते जे बघतात ते तुम्हा-आम्हाला अकरा जन्मांत दिसायचं नाही. कॅमेरा कुठे ठेवलाय, किती उंचीवर ठेवलाय, चौकटीत काय घेतलंय आणि काय मुद्दाम बाहेर ठेवलंय, यावरून ते सिनेमाची कुंडली मांडतात. नायकाचे फक्त बूट जीपमधून खाली उतरताना दिसले की म्हणतात, 'पायापास्नं सुरुवात केली म्हंजे डोक्यात काय न्हाई.' गजराचं घड्याळ वाजून कुणी उठलं, तर दिग्दर्शकालाच अजून जाग आलेली नाही. हल्ली तो ड्रोन आल्यापासून तर त्यांचा संताप विचारू नका. उसाच्या फडावरून, नदीवरून, देवळाच्या कळसावरून कॅमेरा गिरक्या घेत येतो. 'घारीला काय गोष्ट म्हाईत असती व्हय? तिला फक्त उंदीर दिसतो.' पण एखाद्या सिनेमात नुसतं बंद दार दाखवून कॅमेरा गप्प उभा राहिला, की दाजी माझं मनगट आवळतात. त्यांचं एक मुख्य सूत्र आहे. ते मी इतक्या वेळा ऐकलंय की माझ्या बायकोलाही पाठ आहे: 'मधे काय हाय ते शेंबडं पोरबी सांगंल. तुमी कडा बगा. सांगणारा मानूस आपल्याला मधे गुतवतो आन् गोष्ट कोपऱ्यात ठेवतो.'

हे सूत्र ते सिनेमापुरतं ठेवतात अशी कुणाची समजूत असेल तर त्याने माझ्या लग्नाची हकीकत ऐकावी. मी मुलगी बघायला विट्याला गेलो तेव्हा दाजी त्या घरचे थोरले जावई म्हणून दिवाणखान्यात हजर होते. मी बसताक्षणी ते उठले, माझ्याभोवती एक प्रदक्षिणा घातली, डोळे बारीक केले आणि मला खुर्चीसकट उचलून खिडकीपुढे नेऊन ठेवलं. मला वाटलं, वाऱ्यासाठी. पुढे लग्न झाल्यावर त्यांनी खुलासा केला. 'तुमची पाठ उजेडाकडं केली. त्यामुळं तोंड काय नीट दिसलं न्हाई, नुस्ता आकार दिसला. आकार बरा हाय तुमचा.' माझं लग्न जमण्याचं श्रेय ते आजही स्वतःकडे घेतात आणि माझी बायको त्यांना ते घेऊ देते.

कुपवाडच्या ज्या कारखान्यात दाजींनी उभी हयात काढली, तिथे ते तयार माल तपासायचं काम करत. नट-बोल्टचे आटे डोळ्याजवळ धरून बघायचे आणि केसाएवढी चूक असली तरी बाजूला टाकायचे. एका वर्षी मालकांनी वर्धापनदिनासाठी कारखान्याची छोटी फिल्म करायचं ठरवलं आणि कौतुकाने ती दाजींच्या गळ्यात घातली. झालं! कार्यक्रमाला मालक नवा कोट घालून पहिल्या रांगेत. दिवे गेले. पडद्यावर पहाटेचा रिकामा वाहनतळ. पत्र्याची शेड, एक झोपलेलं कुत्रं. मग डावीकडून एक मोटरसायकल आली आणि जागेवर लागली. मग दुसरी. मग एक स्कूटी. कॅमेरा तसूभर हलला नाही. गाड्यांवरून माणसं उतरून चौकटीबाहेर जात होती आणि शेड भरत चालली होती. चार मिनिटांनी शेड गच्च भरली, भोंगा वाजला, कुत्रं उठून निघून गेलं, आणि फिल्म संपली. मालकांनी अंधारातच विचारलं, 'आणि मी कुठाय?' दाजी म्हणाले, 'तुमी येनारच हायसा की. ही सुरुवात हाय.' मालकांचा चेहरा मी तिथे नसूनही डोळ्यांपुढे आणू शकतो. पण कामगारांनी ती फिल्म तीनदा लावायला लावली. जो तो आपली गाडी आली की शेजाऱ्याला ढोसत होता. त्यांच्या गाड्यांकडे इतका वेळ आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

आता अक्काविषयी सांगितलं पाहिजे, कारण दाजी उठून गेल्यावर शेजारच्या खुर्चीत कुणीतरी उरतंच. लग्नानंतरच्या पहिल्याच सिनेमाला दाजी अकराव्या मिनिटाला उठले. नवी नवरी, परकं गाव. अक्काला वाटलं, पाणी प्यायला गेले असतील. ते बाहेर रसाच्या गाड्यावर तीन तास गप्पा मारत होते. त्या दिवशी ती रडली, पण सिनेमा तिने पुरा पाहिला, कारण पैसे तिच्या माहेरच्या आहेरातले होते. तेव्हापासून त्यांच्या संसारात एक वाटणीच झाली. सुरुवात दाजींची, पुढचं सगळं अक्काचं. घरी आल्यावर ती भाकरी थापता थापता शेवट सांगणार आणि दाजी पाटावर बसून ऐकणार. 'मग?' म्हणणार. 'मग काय, गावला तिला तो,' असं म्हणत अक्का भाकरी उलटणार. एकदा माझी बायको अक्काबरोबर एक फारच रडका सिनेमा पाहून आली. त्यात नायक नदीत बुडून मेला होता. रात्री जेवताना अक्काने त्याला पोहता येत असल्याचं बेलाशक सांगून टाकलं. बायकोने स्वयंपाकघरात गाठून विचारलं, तर म्हणाली, 'दिसभर लोखंड बगून येत्यात. कशाला त्यास्नी मढी दावायची?' मग कबूल केलं की हे पहिल्यापासूनच चाललंय. तीस वर्षांत आमच्या दाजींच्या माहितीप्रमाणे एकही नायक मेलेला नाही आणि एकही ताटातूट कायमची झालेली नाही.

तरी एक गोष्ट तिच्या मनात राहून गेली होती. ती माझ्या बायकोकडे कितीदा तरी बोललेली. 'एकदा तरी ह्यांनी शेवटापत्तुर शेजारी बसावं गं. दिवं लागल्यावर बाजूला कुनीतरी असावं.' याहून मोठं मागणं तिने कधी कुणाकडे केल्याचं मला आठवत नाही.

गेल्या वर्षी अक्का चहा कपाच्या शेजारी ओतायला लागली. दाराच्या चौकटीला तिचा खांदा लागायचा. शेजारीण बाजूने हात करून गेली आणि हिने ओळख दाखवली नाही, म्हणून अबोला झाला. मिरजेच्या डॉक्टरांनी तपासून काचबिंदू सांगितला. कडेचं दिसणं गेलंय, गेलेलं परत येणार नाही, थेंब घालून मधलं राहिलेलं जपायचं. दाजींनी मला फोन केला. नेहमी फोनवर ते आधी आमच्याकडचा उजेड कसा आहे ते विचारतात. त्या दिवशी विचारलं नाही. 'पाव्हणं,' ते म्हणाले, 'तिच्या कडा गेल्या वो.' एवढंच बोलले आणि फोन ठेवला. आयुष्यभर जगाला कडा बघा, कडा बघा म्हणून सांगणाऱ्या माणसाच्या घरातच हे व्हावं, याबद्दल मला देवाचा रागच आला.

महिन्याभराने आम्ही सांगलीला गेलो तेव्हा दाजींनी दुपारच्या खेळाची चार तिकिटं काढून ठेवली होती. मी आपला कडेची खुर्ची त्यांना सोडून आत सरकलो, तर ते म्हणाले, 'तितं तुमी बसा. मला तिच्याशेजारी बसायचं हाय.' दिवे गेले. पडद्यावर सकाळचा एसटी स्टँड, मधोमध चहाच्या टपरीची फळी उघडणारी एक पोक्त बाई. दाजी अक्काच्या कानाशी लागले. 'डाव्या कोपऱ्यात एक बाक हाय. मोकळा. तेवढा ध्यानात ठेव, गोष्ट तितंच हाय.' मग उजवीकडून गाडी आली, ती त्यांनी सांगितली. वर तारेवर कावळा बसला, तो सांगितला. पुढच्या रांगेतला एक जण वळून 'आजोबा, हळू' म्हणाला. दाजींनी आवाज उतरवला, पण थांबले नाहीत. अकरावं मिनिट आलं. मी घड्याळाकडे बघितलं, बायकोने माझ्याकडे बघितलं. दाजींचा एक पाय जरा हलला, सवयीने, आणि मग जागच्या जागी थांबला. मध्यंतरानंतर तर तोच पुढचा माणूस मागे रेलून विचारू लागला, 'कोपऱ्यात काय म्हणालात, आजोबा?'

गोष्ट साधीच होती. त्या बाईचा नवरा भांडून घर सोडून गेलेला, आणि ती वर्षानुवर्षं स्टँडवर उतरणारी माणसं बघत चहा विकते. शेवटी पुन्हा तीच सकाळ, कॅमेरा त्याच जागी. सकाळची शेवटची गाडी आली, माणसं उतरली, पांगली. बाई मधोमध उभी राहून कप पुसत होती. अक्काने हळूच विचारलं, 'आवं, आला का त्यो?'

मी डाव्या कोपऱ्याकडे पाहिलं. बाक रिकामा होता.

'आला,' दाजी म्हणाले. 'बाकावर बसलाय. पिशवी खाली ठेवली. दमलाय जरा, पन आला.'

पुढच्या रांगेतल्या माणसाने मागे वळून दाजींकडे पाहिलं आणि पुन्हा तोंड फिरवलं. दिवे लागले. अक्काने उजव्या बाजूला मान पूर्ण वळवून, दाजी आहेत की नाहीत ते बघितलं. होते.

बाहेर दाजी रिक्षा बघायला रस्त्यापलीकडे गेले, तशी अक्का आम्हाला म्हणाली, 'बाक मोकळाच हुता न्हवं?' मी रस्त्यापलीकडे दाजींकडे बघितलं. 'मला कोपरा न्हाई दिसत, पन ती बाई दिसत हुती की. मानूस आला असता तर तिनं तकडं बगितलं असतं. ती आपली कपच पुसत ऱ्हायली.' मग पदराने डोळ्यांखालचा ओघळ पुसला, तो थेंबांचा होता की कशाचा कोण जाणे, आणि म्हणाली, 'त्यास्नी बोलू नगासा काय. पयल्यांदाच शेवट सांगितला त्यांनी.'

रिक्षा आली. त्या तिघांना मागे बसवून मी पुढे रिक्षावाल्याच्या शेजारी अंग चोरून बसलो. थोड्या वेळाने मागून दाजींचा आवाज आला, 'शेवट बरा हुता, न्हाई का पाव्हणं?' मी 'लय बरा हुता' म्हणालो, त्यांच्याच बोलीत, कारण माझ्या बोलीत मला ते म्हणता आलं नसतं. रिक्षाच्या चिमुकल्या आरशात अक्का बरोबर मधोमध दिसत होती. दाजी त्या चौकटीत मावले नव्हते. फक्त त्यांचा हात कडेने आत आला होता, तिच्या हातावर ठेवलेला, आणि घर येईपर्यंत तो तिथेच होता.